ज्ञानाची देवघेव आणि नवनिर्मिती

एकाच संस्थेत काम करणाऱ्या माणसांपाशी असलेले ज्ञान एकाच जातीचे नसते. कोणाचे ग्रंथांतून आलेले असते, तर कोणाचे हाताच्या सवयीतून. या दोहोंची देवघेव झाली म्हणजे काय घडू शकते, हे ‘जयपूर फूट’ या कृत्रिम पावलाच्या जन्मकथेवरून ध्यानात येते.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यविशारद होते. त्या काळी प्रचलित असलेले परदेशी धाटणीचे पाऊल बुटाशिवाय वापरता येत नसे. उकिडवे बसणे, मांडी घालणे, चिखलातून अनवाणी चालणे त्याने साधत नसे. त्यामुळे कित्येक रुग्ण ते टाकून पुन्हा कुबड्या घेत. पाऊल कोणकोणत्या दिशांनी वळले पाहिजे, हे डॉक्टर जाणत होते. रामचंद्र शर्मा या कारागिराचे शालेय शिक्षण अल्प होते. परंतु साचा कसा घ्यावा आणि वस्तू कशी घडवावी, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. या सहकार्यातून १९६८ च्या सुमारास लाकूड व रबर यांचे लवचीक पाऊल सिद्ध झाले.

१९८१ मध्ये डॉ. सेठी यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. शर्मा यांचे नाव मात्र त्या मानाने थोड्यांनाच माहीत आहे. ज्ञान वाटून घेणाऱ्या संस्थेने श्रेयही वाटून द्यावयास हवे. एरवी हाताशी असलेले ज्ञान पुढच्या वेळी मुकेच राहील.