लोर्ना : जॅझच्या तालावर कोकणी

जॅझ म्हटलं की नांदेड-लातूरच्या मुलांना ते परकं वाटतं. त्यांना लोर्ना कोर्देरो यांची ओळख करून द्या. जन्म मुंबईचा, 1946 सालचा. ट्रम्पेटवादक ख्रिस पेरी यांच्या बँडमध्ये त्या गायच्या. पेरींनी जॅझच्या ढंगात कोकणी गाणी बांधली, लोर्नांनी ती घरोघरी पोहोचवली. पुढे पेरींची साथ सुटली आणि वीसहून अधिक वर्षं त्यांचं गाणं बंद राहिलं. 1995 साली त्या पुन्हा मंचावर आल्या. लोक त्यांना विसरले नव्हते.

वर्गात त्यांचं 'पिसो' ऐकवा. हा आपल्या 'वेडापिसा'तलाच पिसा, मुलं लगेच ओळखतील. चाल बाहेरची असली तरी बोली घरची होती, म्हणून ते गाणं आपलं झालं. तेव्हा एखादं लेकरू आपल्या मराठवाडी बोलीत गायलं, तर 'नीट बोल' म्हणून त्याला मध्येच थांबवू नका. आधी ऐका.