आठ सांगून चौदा आले तर?

प्रश्न : अलिबागजवळचं घर आम्ही शनिवार-रविवार भाड्यानं देतो. बुकिंग आठ जणांचं, उतरतात चौदा. टोकलं तर रिव्ह्यू वाईट. काय करावं?

उत्तर : गाद्या किती यावर नियम बांधू नका, पाणी किती यावर बांधा. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी रोज १३५ लिटरचा. म्हणजे आठ जणांना १,०८० लिटर, चौदा जणांना १,८९०. दीड हजाराची टाकी असेल तर शेवटच्या तिघांची आंघोळ साबण लावलेल्या अंगानं थांबते. सेप्टिक टँकचं तर विचारूच नका. हे कारण, जादा माणशी दर आणि भेटायला आलेल्यांनी रात्री दहाला निघायचं, हे बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा. पाहुणे मोजायचे कसे, हा संकोच घरच्या पाहुण्यांपुरता ठीक. इथे व्यवहार आहे. शिवाय मुक्कामी परदेशी नागरिक असेल तर २४ तासांत ऑनलाइन कळवणं बंधनकारक. नोंदच नसलेल्या माणसाचं तुम्ही काय कळवणार? रिव्ह्यूची भीती खरी, पण आधी लिहिलेल्या नियमावर बोट ठेवून उत्तर देता येतं, दारात सुचलेल्या नियमावर नाही. तान्ह्या बाळाचे पैसे मात्र लावू नका, तो निव्वळ चिक्कूपणा दिसतो.