साक्ष अल्लाहसाठी : स्रेब्रेनित्साच्या कबरी आणि न्यायाची जबाबदारी

सूरह अन-निसाच्या १३५व्या आयतीत अल्लाहतआलाने श्रद्धावंतांना दोन आज्ञा एकत्र दिल्या आहेत. पहिली आज्ञा न्यायावर दृढ राहण्याची, दुसरी अल्लाहसाठी साक्ष देण्याची. ही साक्ष प्रसंगी स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा आप्तांच्या विरोधात गेली तरीही ती टाळता येत नाही. या महिन्याच्या अभ्यासासाठी हीच आयत घेतली आहे.

निमित्त एका प्रश्नाचे. जुम्याच्या नमाजनंतर एका तरुणाने विचारले, “मौलाना, कयामतच्या दिवशी प्रत्येक अत्याचाराचा हिशेब होणारच आहे. मग माणसांच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे खटले चालवून काय साधते?” प्रश्न प्रामाणिक होता. त्यामागे निराशाही होती. उत्तर देताना मला बोस्नियातील स्रेब्रेनित्सा हे गाव आठवले.

काय घडले?

१९९३च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने स्रेब्रेनित्सा हे ‘सुरक्षित क्षेत्र’ घोषित केले. आजूबाजूच्या गावांतून हाकलले गेलेले हजारो मुसलमान त्या भरवशावर तेथे आश्रयाला आले. ११ जुलै १९९५ रोजी रातको म्लादिचच्या बोस्नियन सर्ब फौजेने गाव ताब्यात घेतले. राष्ट्रसंघाची डच तुकडी तेथे असूनही ते वाचले नाही. पोतोचारी येथे स्त्रिया व लहान मुलांना बसगाड्यांत चढवले गेले, पुरुष आणि किशोरवयीन मुले वेगळी काढली गेली. अनेकजण तुझला शहराच्या दिशेने जंगलातून निघाले होते, त्यांतील पुष्कळजण वाटेत पकडले गेले. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलांची हत्या झाली.

त्यानंतर गुन्हा लपवण्याचा दुसरा गुन्हा घडला. काही आठवड्यांनी यंत्रे लावून सामूहिक कबरी पुन्हा उकरण्यात आल्या आणि मृतदेहांचे अवशेष दूरच्या खड्ड्यांत नेऊन पुरण्यात आले. त्यामुळे एकाच माणसाची हाडे दोन-तीन ठिकाणी सापडली.

साक्ष कोणी दिली?

अरबी ‘शहादत’ या शब्दाचे दोन अर्थ आपण जाणतो : साक्ष आणि हौतात्म्य. मराठीतील ‘साक्षी’ हा शब्द संस्कृतातून आला. ज्याने डोळ्यांनी पाहिले, तो साक्षी. स्रेब्रेनित्सात हे सारे अर्थ एकत्र आले. जे शहीद झाले त्यांची हाडेच बोलू लागली. पहिल्या आणि दुसऱ्या खड्ड्यांतील माती, काडतुसांची टरफले, डोळ्यांवर बांधलेल्या पट्ट्या आणि हात बांधलेल्या दोऱ्या तज्ज्ञांनी ताडून पाहिल्या. हे युद्धात पडलेले सैनिक नव्हते, बांधून मारलेले बंदिवान होते, हे त्यातून सिद्ध झाले. मातांनी, बहिणींनी आपल्या रक्ताचे नमुने दिले. त्यांच्या डीएनएवरून सात हजारांच्या जवळपास मृतांची ओळख पटली. आजही दर ११ जुलैला पोतोचारीच्या कब्रस्तानात नव्याने ओळख पटलेल्यांची जनाजाची नमाज होते. काही मातांच्या वाट्याला दफनासाठी मोजकी हाडेच आली.

सुरक्षा परिषदेने १९९३मध्ये हेग येथे माजी युगोस्लाव्हियासाठी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाधिकरण स्थापन केले होते. त्याने एकूण १६१ जणांवर आरोप ठेवले. चार हजारांहून अधिक साक्षीदार त्याच्यापुढे उभे राहिले. त्यांत सर्वस्व गमावलेल्या स्त्रिया होत्या आणि प्रेतांच्या ढिगाखालून जिवंत बाहेर आलेले पुरुषही होते. सूरह अल-बकराच्या २८३व्या आयतीत साक्ष लपवणाऱ्याचे हृदय पापी ठरवले आहे. या साक्षीदारांनी ते ओझे हृदयावर राहू दिले नाही.

हुकूम होता म्हणून?

या खटल्यांतील एक प्रकरण आपल्या फिकहच्या विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावे. द्राझेन एर्देमोविच नावाच्या तरुण सैनिकाने गोळीबारात भाग घेतल्याची कबुली स्वतःहून दिली. तो म्हणाला, मी नकार दिला असता तर मलाही त्याच रांगेत उभे करून मारले असते. प्रश्न असा होता की, जिवाची धमकी असेल तर निरपराध माणसाला मारणे क्षम्य ठरते काय? १९९७मध्ये अपील न्यायाधीशांनी बहुमताने निर्णय दिला : धमकीमुळे शिक्षा सौम्य होऊ शकते, परंतु गुन्हा पुसला जात नाही.

आपल्या फुकहांनी ‘इकराह’ म्हणजे जबरदस्तीच्या प्रकरणात हेच शतकानुशतके शिकवले आहे. जबरदस्तीने अनेक गोष्टींची सवलत मिळते. प्राणावर बेतले असता हृदय ईमानावर स्थिर ठेवून जिभेने कुफ्रचा शब्द उच्चारण्याचीही सवलत आहे. मात्र दुसऱ्या निरपराधाचा जीव घेण्याची सवलत नाही. कारण माझा जीव त्याच्या जिवापेक्षा अधिक मोलाचा नाही.

एर्देमोविचला अखेर पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या साक्षीमुळे वरिष्ठांचा अपराध सिद्ध होण्यास मदत झाली. जनरल रादिस्लाव क्रस्तिचच्या खटल्यात स्रेब्रेनित्साचे हत्याकांड हा वंशसंहार असल्याचे न्यायालयाने नोंदवले. रादोव्हान काराजिच आणि म्लादिच यांना जन्मठेप झाली. म्लादिच सोळा वर्षे अटकेपासून दूर राहिला. २०११मध्ये तो सर्बियात पकडला गेला आणि २०२१मध्ये त्याची शिक्षा कायम झाली.

आपल्यांच्या विरोधातही

येथे आयतीचा कठीण भाग सुरू होतो. याच न्यायाधिकरणाने चेलेबिची येथील छावणीत सर्ब कैद्यांचा छळ आणि हत्या केल्याबद्दल १९९८मध्ये बोस्नियन मुसलमानांनाही दोषी ठरवले. हे वाचताना आपल्या मनात चलबिचल होत असेल, तर आपण ही आयत पुन्हा वाचली पाहिजे.

मक्काविजयानंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आदरणीय खालिद बिन वलीद (रजि.) यांना बनू जझीमा टोळीकडे पाठवले. लोकांनी इस्लाम स्वीकारल्याचे नीट शब्दांत सांगता आले नाही आणि गैरसमजातून कैदी मारले गेले. आदरणीय अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी मात्र आपला कैदी मारण्यास नकार दिला. ही वार्ता ऐकून प्रेषित (स.) यांनी हात उंचावून अल्लाहसमोर या कृत्याशी आपला संबंध नसल्याचे दोनदा जाहीर केले, असे सहीह बुखारीत आहे. पुढे आदरणीय अली (रजि.) यांना पाठवून मृतांची दियत आणि मालमत्तेची भरपाई दिली गेली, असे सीरतच्या ग्रंथांत नमूद आहे. सेनापती आपला होता, युद्धातील त्याची कामगिरी मोठी होती. तरीही पीडितांचा हक्क त्यामुळे कमी झाला नाही.

दोन आक्षेप

कोणी म्हणेल, ही तर इतरांची न्यायालये. त्यांच्याशी आपला काय संबंध? त्यांनी ‘हिल्फुल फुजूल’ आठवावा. मक्केत आस बिन वाइलने एका यमनी व्यापाऱ्याचा माल घेऊन पैसे बुडवले. तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही कुळांनी शपथ घेतली की, मक्केत अन्याय झालेला माणूस स्थानिक असो वा परका, आपण त्याच्या बाजूने उभे राहू. हा करार इस्लामपूर्व काळातला. तरीही प्रेषित (स.) तरुणपणी त्यात सहभागी होते, आणि प्रेषितत्वानंतरही अशी हाक आली तर मी ओ देईन असे त्यांनी सांगितले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : बलवान देश या न्यायाच्या कक्षेबाहेर राहतात. हे खरे आहे. १९९८च्या रोम करारातून स्थायी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभे राहिले, पण अमेरिका, रशिया, चीन आणि आपला भारतही त्याचे सदस्य नाहीत. बनू मखजूमच्या एका प्रतिष्ठित स्त्रीने चोरी केली तेव्हा तिच्यासाठी रदबदली झाली. प्रेषित (स.) यांनी बजावले की, पूर्वीचे समाज याच कारणाने नष्ट झाले : मोठ्यांना सोडले आणि दुबळ्यांना शिक्षा केली. मात्र बलवान सुटतो म्हणून न्यायच सोडून द्यावा, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. बलवानालाही त्याच तराजूत बसवण्याची मागणी त्यातून निघते.

मग कयामत कशासाठी?

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. माणसाचा न्याय अपुरा आहे. स्लोबोदान मिलोसेविच २००६मध्ये निकाल लागण्यापूर्वीच मरण पावला. अनेक माता निकाल ऐकण्याआधी अल्लाहला प्रिय झाल्या. डझनावारी जीव एका बाजूला आणि पाच वर्षांचा तुरुंगवास दुसऱ्या बाजूला, असा हिशेब कोणत्याही दुनियावी तराजूत जुळत नाही. म्हणूनच हदीसमध्ये सांगितले आहे की, कयामतच्या दिवशी लोकांमधील वादांत सर्वप्रथम निवाडा रक्ताचा होईल. तो निवाडा पूर्ण असेल.

परंतु त्या निवाड्यावरील श्रद्धा आपल्याला येथील कर्तव्यातून मुक्त करत नाही. रिज्क अल्लाहच्या हाती आहे म्हणून शेतकरी पेरणी थांबवत नाही. तसेच निवाडा अल्लाहच्या हाती आहे म्हणून साक्षीदाराने गप्प बसू नये. निकालाची पूर्णता त्याच्याकडे, साक्षीची जबाबदारी आपल्याकडे.

आपल्या घरांत या आयतीचे पालन असे करावे. एक, जे पाहिले ते सांगावे, जे पाहिले नाही ते सांगू नये. अत्याचाराची न तपासलेली छायाचित्रे मोबाइलवरून पुढे पाठवणे ही साक्ष नव्हे. सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत वार्ता पडताळण्याची आज्ञा आहे. एका खोट्या छायाचित्रामुळे शंभर खऱ्या पीडितांवरचा विश्वास उडतो. दोन, क्षमा करण्याचा अधिकार पीडिताचा आणि त्याच्या वारसांचा आहे. ‘झाले गेले विसरा’ असे त्यांना सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. तीन, एखाद्याच्या गुन्ह्यासाठी त्याच्या संपूर्ण समाजाचा द्वेष मुलांना शिकवू नये. सूरह अल-माइदाच्या आठव्या आयतीनुसार शत्रुत्वसुद्धा अन्यायाचे निमित्त ठरू शकत नाही. चार, मोहल्ल्यात, नात्यात चूक आपल्या माणसाची असेल तेव्हा तसे म्हणण्याचे धैर्य बाळगावे. हेगमध्ये उभे राहण्याची वेळ आपल्यावर कदाचित येणार नाही, परंतु वाटणीच्या, विवाहाच्या, मारहाणीच्या प्रसंगी साक्ष देण्याची वेळ प्रत्येकावर येते.

अल्लाहतआला स्रेब्रेनित्साच्या आणि जगातील सर्व मजलूमांच्या जखमांवर फुंकर घालो, त्यांच्या शहीदांना आपल्या कृपाछत्राखाली घेवो, आणि आम्हाला सत्याचे साक्षीदार बनवो, ती साक्ष आमच्याविरुद्ध असली तरीही. आमीन.