व्यापारी आणि शेतकरी जोतीराव



दरवर्षी ११ एप्रिल रोजी आपल्या शाळांतून महात्मा जोतीराव फुले यांची जयंती साजरी होते. मुले भिडेवाड्यातील शाळेची हकीकत सांगतात, सावित्रीबाईंनी सोसलेल्या छळाची हकीकत सांगतात. या हकीकती सांगितल्याच पाहिजेत. तथापि एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही : या गृहस्थांचा चरितार्थ कशावर चालत होता? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे त्यांच्या शिक्षणकार्याचाही अर्थ अधिक स्पष्ट होतो.

१. उद्योग

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. घरचा धंदा फुलांचा व भाजीपाल्याचा. पुढे त्यांनी धातूच्या ओतकामास लागणाऱ्या मुशी विकण्याचे दुकान चालविले, पुण्याजवळ मांजरी येथे शेती केली आणि बांधकामाची कंत्राटे घेतली. ‘पुणे कमर्शिअल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी’ या संस्थेच्या व्यवहारांत ते प्रमुख होते. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण या कामांशी कंत्राटदार या नात्याने त्यांचा संबंध आला. दगड, चुना आणि मजुरांचे हजेरीपट यांत वावरलेला हा मनुष्य होता. अशा कामांवर अडाणी मजुराची फसवणूक कशी होते, हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. डोळ्यांनी पाहिले होते. अंक न येणाऱ्याची मजुरी कशी कापली जाते हे ज्याने पाहिले, त्याला गणिताच्या पाठाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. १८५५ मध्ये त्यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा उघडली होती, तिचे मर्मही हेच होय.

२. शाळा आणि परोपकार

१८४८ मध्ये मुलींची शाळा निघाली, पुढे अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा निघाल्या. १८६३ मध्ये फसविल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह स्थापन झाले. तेथे जन्मलेल्या यशवंतास या दांपत्याने दत्तक घेतले. १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. १८७७ च्या दुष्काळात धनकवडी येथे मुलांच्या अन्नाची सोय केली.

या कामांना स्वतःच्या मिळकतीचा आधार होता, तसा हितचिंतकांच्या देणग्यांचा व सरकारी साहाय्याचाही होता. परंतु १८५७ नंतर युरोपीय देणगीदारांचा हात आखडला आणि शाळांची आर्थिक ओढाताण झाली. जोतीरावही पुढे त्यांच्या व्यवस्थापनातून बाजूस झाले. चांगले काम केवळ दानावर उभे राहिले, तर दात्याचे मन वा दिवस पालटताच ते डळमळते. हा अनुभव त्यांच्या पुढील विचारांच्या मुळाशी आहे, असे मानावयास जागा आहे.

३. १८८२ चे निवेदन

हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगास जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी निवेदन दिले. त्याखाली त्यांनी स्वतःचा परिचय काय दिला? व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य. सुधारक वा शाळांचा संस्थापक ही बिरुदे तेथे नाहीत.

त्यांचा मुद्दा हिशेबी होता. सरकारी तिजोरी भरते ती मुख्यतः शेतकऱ्याच्या श्रमाने; मग शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का? प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे असावे, अशी त्यांची मागणी होती. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याचे वेतन दरमहा बारा रुपयांहून कमी नसावे. नांगराची मूठ वा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्याला लाज वाटू नये. अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल यांबरोबर शेती, नीती व आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे.

ज्याने स्वतः शाळा काढल्या आणि स्वतःची पदरमोड केली, त्यानेच सांगितले की सर्वांचे शिक्षण हे परोपकाराचे काम नव्हे. ते रयतेने आधीच भरलेल्या पैशाचे देणे आहे.

४. आपला जिल्हा

त्या काळी आपला भाग निजामाच्या राज्यात होता. हंटर आयोगाची चौकशी येथवर पोहोचली नव्हती. मराठवाडा मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे भिडेवाड्यातील शाळेनंतर शंभर वर्षांनी. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावची शाळा लोकांनी निवडलेल्या संस्थेकडे आली. सहा ते चौदा वर्षांच्या बालकांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. निवेदनातील मागणीस कायद्याचे रूप येण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

आजही ऊसतोडीस वा वीटभट्टीवर निघालेल्या आईबापांमागून एखादे मूल दिवाळीनंतर वर्गातून नाहीसे होते. त्याच्या नावापुढे गैरहजेरी मांडताना आपल्या मनात हे असावे की, त्या मुलावर आपण उपकार करावयाचे नसून त्याचे देणे द्यावयाचे आहे.

५. पाठ घेताना

(अ) इयत्ता पाचवी ते सातवीस ‘जोतीरावांचा चरितार्थ’ या विषयाने आरंभ करावा. गावातील गवंडी, शेतकरी, दुकानदार यांपैकी एकास वर्गात बोलावून, रोजच्या कामात हिशेब कोठे लागतो हे मुलांस विचारू द्यावे.

(आ) गणिताच्या तासाला एका आठवड्याचा हजेरीपट तयार करवून प्रत्येक मजुराची मजुरी काढावयास सांगावी. एका ओळीत मुद्दाम चूक ठेवावी व ती कोणास सापडते ते पाहावे.

(इ) चर्चेसाठी प्रश्न : जोतीरावांनी निवेदनात ‘व्यापारी व शेतकरी’ असा परिचय का दिला असेल? दान आणि हक्क यांत फरक कोणता?

जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी निवर्तले. अखेरच्या दिवसांत पक्षाघाताने उजवा हात गेला, पैशाचीही चणचण होती. तरी डाव्या हाताने लेखन चालू होते. कंत्राटांत मिळविलेले बहुतेक खर्ची पडले होते. हिशेब मात्र त्यांनी चोख मांडून ठेवला. त्यातील बाकी फेडण्याचे काम आपल्याकडे आले आहे.