विषारी माती विजेने शुद्ध होते का?

भडगाव तालुक्यात गिरणाकाठी कापूस, केळी पिकते. फवारणी-निंदणीला आपल्या वस्तीतलेही हात जातात. औषधाचे रिकामे डबे, फुटक्या बॅटऱ्या घरामागे पडतात आणि विष मातीत मुरते. ते काढता येते का?

विज्ञान म्हणते, येते. वायूतून प्रचंड वीज सोडली की प्लाझ्मा तयार होतो. आभाळातली कडाडणारी वीज हा त्याचाच नमुना. त्याची उष्णता हजारो अंशांची. तीत कीटकनाशकांचे रेणू तुटतात. शिशासारखे धातू नष्ट होत नाहीत. काही वितळलेल्या मातीच्या काचेत अडकतात, काही वाफ होऊन उडतात. म्हणून धूर गाळावा लागतो. पुण्याजवळ रांजणगावला कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी असा प्रकल्प उभारला गेला.

पण काच झालेल्या मातीत रोप उगवत नाही आणि वीजही अफाट लागते. अंगणासाठी हा इलाज नव्हे. आपला इलाज विष मातीत न जाऊ देण्याचा :

• औषधाचा डबा घरी आणू नका. पाण्या-धान्याला तर मुळीच वापरू नका.
• डबा जाळू नका. चुलीच्या आगीत विष पुरते जळत नाही, धूर मात्र छातीत जातो.
• बॅटरी फोडू नका; दुकानात परत द्या.
• फवारणीचे कपडे वेगळे धुवा. जेवणाआधी लेकरांचे हात साबणाने धुवा.
• फवारणीनंतर उलट्या, दरदरून घाम, धाप किंवा झटके आले, तर लगेच 108 ला फोन करा. औषधाचे नाव दवाखान्यात सांगा.

रोज घरी यावा, विष नको.