पेल्यातील पाहुणे

पुण्यातील बिबवेवाडीच्या रहिवाशांना फळांसाठी फार दूर जावे लागत नाही. शेजारीच गुलटेकडीला मार्केट यार्ड आहे. उन्हाळ्यात तेथे आंब्यांच्या पेट्या, पपयांच्या राशी आणि डोक्यावर हिरवा तुरा मिरवणारे अननस दृष्टीस पडतात. या फळांचे मिश्र पेय घरच्या घरी उत्तम होते.

यांपैकी आंबा आपल्याच भूमीचा. केळेही येथे फार प्राचीन काळापासून नांदत आहे. पपई व अननस मात्र पाहुणे. त्यांचे माहेर अमेरिका खंड. १४९३ साली, आपल्या दुसऱ्या सफरीत, कोलंबसाने ग्वादलूप बेटावर अननस पाहिला. पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून तो हिंदुस्थानात आला आणि जहांगीर बादशहाच्या काळी आग्र्याच्या बागेत हजारोंनी पिकू लागला. ‘अननस’ हे नावही त्याने दक्षिण अमेरिकेतील आदिवासींच्या बोलीतून बरोबर आणले आहे!

चार पेल्यांसाठी एक आंबा, दोन केळी आणि पपई व अननस यांच्या वाटी वाटीभर फोडी घ्याव्यात. अननसाचे डोळे काढणे हे धारदार सुरीचे काम. ते वडीलधाऱ्यांकडून करून घ्यावे. सर्व फोडी मिक्सरमध्ये फिरवून त्यांत एका शहाळ्याचे पाणी व अर्ध्या लिंबाचा रस मिसळावा. साखर घालू नये, असे माझे मत आहे. ज्या आंब्याला साखर लागते, तो पिकलाच नाही म्हणावयाचा!

पण शहाळ्याचे पाणीच का? दूध का नको? याचे कारण मोठे मनोरंजक आहे. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचे द्रव्य असते. ते प्रथिनांचे तुकडे करते. दुधात प्रथिने असतातच. त्यामुळे अननसाचा ताजा रस घातलेले दूध फाटते आणि थोड्या वेळाने कडू लागते. अननस पुष्कळ खाल्ला की जीभ चुरचुरते, त्यातही या द्रव्याचा हात असतो. कच्च्या पपईच्या चिकातही असेच एक द्रव्य असते. मांस लवकर शिजावे म्हणून स्वयंपाकात कच्ची पपई लावतात ती त्याचसाठी. उष्णतेने मात्र ब्रोमेलेनची शक्ती नष्ट होते. म्हणूनच अननस शिजवून केलेल्या शिऱ्यात दूध घातले, तरी तो कडू होत नाही.

पेय तयार होताच पिऊन टाकावे. हवेतील प्राणवायूमुळे केळे काळवंडते. लिंबाचा रस ते लांबवितो, थांबवीत नाही. बर्फ घालावयाचा झाल्यास तो घरी, पिण्याच्या पाण्याचाच केलेला असावा.