दंडाची बेटकुळी

मूठ वळून दंडाची बेटकुळी वर काढून दाखविणें हा मुलांचा आवडता खेळ आहे. ही बेटकुळी म्हणजे द्विशिरस्क स्नायु होय. त्याचीं दोन शिरें खांद्याच्या पात्यापासून निघतात. एक खांद्याच्या खोबणीच्या वरच्या कडेपासून व दुसरें कावळ्याच्या चोंचीसारख्या वांकड्या टोंकापासून. खालीं दोन्ही एक होऊन कोपरापुढील, अंगठ्याच्या बाजूच्या हाडास चिकटतात. कोपर वांकविणें हेंच त्याचें काम असें पुष्कळांस वाटतें. परंतु त्यांतील मोठा वाटा त्याच्याखालीं दडलेला दुसरा स्नायु उचलतो. याची खरी करामत पाहावयाची असल्यास कोपर काटकोनांत ठेवून पालथा तळहात उताणा करावा व दुसऱ्या हातानें दंड चांचपावा. उजव्या हातानें पेंच घट्ट पिळतांना जोर लागतो तो याचा.

पुस्तकांतील चित्र पाहून सर्वांचे दंड तसेच घडले असतील असें मात्र कोणीं समजूं नये. शंभरांपैकीं सुमारें दहा मनुष्यांत या स्नायूस तिसरें शिर असतें. तें बहुधा दंडाच्या हाडाच्या मध्याजवळ, आंतल्या बाजूस निघून मूळ स्नायूस मिळतें. क्वचित् चार शिरेंही आढळतात. म्हणजे द्विशिरस्क हें नांव कित्येकांच्या बाबतींत खोटेंच! ज्याचा दंड त्यास याचा पत्ताही नसतो. शवविच्छेदन किंवा शस्त्रक्रिया होते तेव्हां तें उघडकीस येतें.

स्कॉटलंडांतील शारीरशास्त्रज्ञ सर जॉन स्ट्रदर्स यांनीं वर्णिलेला प्रकार याहून नवलाचा आहे. शंभरांत सुमारें एकाच्या दंडाच्या हाडावर, कोपराच्या वर दोनेक इंचांवर, आंतल्या बाजूस लहानसा कांटा असतो. त्यापासून एक चिवट बंध कोपराच्या आंतील उंचवट्यापर्यंत जातो, व त्याखालून हाताचा एक मोठा मज्जातंतु आणि पुष्कळदां मुख्य रोहिणीही जाते. मांजराच्या हाडांत याच जागीं पुरतें भोंक असतें. एका कुटुंबांत बापास व त्याच्या सात मुलांपैकीं चौघांस हा कांटा असल्याचें स्ट्रदर्स यांनीं दाखविलें, आणि चार्लस् डार्विन यांनीं १८७१ सालच्या आपल्या ग्रंथांत त्याचा उल्लेख केला.

बहुतेकांस यापासून आयुष्यभर कांहींच त्रास होत नाहीं. पण एखाद्याचा मज्जातंतु बंधाखालीं दाबला जातो. मग अंगठा व शेजारचीं बोटें बधिर होतात, मुंग्या येतात, पकड ढिली पडते. दोष दंडांत आणि तक्रार बोटांची, त्यामुळें मनगटासच तेल चोळीत बसण्याचा प्रसंग येतो. योग्य बाजूनें घेतलेल्या क्ष-किरणांच्या चित्रांत कांटा दिसतो, बंध दिसत नाहीं. दोन्ही कापून काढिले म्हणजे मज्जातंतु मोकळा होतो.